घरच्या रिन्स एडविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. डिशवॉशरमधून काचेचे पेले धुके धरल्यासारखे बाहेर येतात, रिन्स एडची, म्हणजे भांडी डाग न पडता वाळावीत म्हणून यंत्रात घालायच्या द्रवाची, बाटली संपली आहे, तेव्हा तिच्या जागी व्हिनेगर घातले तर चालेल का, असे तू विचारले आहेस. या प्रश्नात मी स्वतः बराच काळ घालवला आहे, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो. माझे मत असे झाले आहे की घरी केलेले द्रावण रिन्स एडचे अर्धे काम चांगले करते आणि उरलेले अर्धे जवळजवळ करतच नाही. तुझी अडचण कोणत्या अर्ध्यातली आहे, हे कळल्याशिवाय काहीही कालवायला घेऊ नकोस.

यंत्र शेवटच्या गरम पाण्याच्या फेरीत दारातल्या कप्प्यातून तीन ते पाच मिलिलिटर रिन्स एड आपोआप सोडते. त्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक आम्ल, बहुधा सायट्रिक, जे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांना भांड्यावर बसू देत नाही. आणि दुसरे, पृष्ठताण (पाण्याच्या पृष्ठभागाला आक्रसून धरणारा ताण) कमी करणारे, फेस न करणारे द्रव्य. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो आणि त्या ताणामुळेच पाणी काचेवर थेंबाथेंबाने उभे राहते. हे द्रव्य अगदी थोडे मिसळले तरी तो निम्म्याच्याही खाली येतो, पाणी पातळ पापुद्र्यासारखे पसरते आणि निथळून जाते. थेंब राहिला नाही, तर तो वाळल्यावर उमटणारा डागही राहत नाही. पृष्ठताणाच्या मोजमापाचा पाया घालणाऱ्यांत जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात राहणाऱ्या आग्नेस पॉकेल्स होत्या. विद्यापीठाचे शिक्षण नसताना त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग केले आणि १८९१ साली ते पत्राने इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना कळवले. रॅले यांनी ते पत्र ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापवून आणले. भांडी निथळत ठेवताना मला त्यांची नेहमी आठवण होते.

आता व्हिनेगरचा हिशेब पाहू. शेवटच्या फेरीत साधारण चार लिटर पाणी असते असे धर, आणि त्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा आहे असे समज. तापल्यावर पांढरा थर होऊन बसणारे हे क्षार पूर्णपणे निष्प्रभ करायला ॲसेटिक आम्ल घे किंवा सायट्रिक घे, सुमारे एक ग्रॅम लागते. घरगुती व्हिनेगरमध्ये आम्ल साधारण पाच टक्के असते, म्हणजे कप्प्यातून सुटणाऱ्या चार मिलिलिटरमधून मिळते फक्त ०.२ ग्रॅम. मी पहिले काही महिने व्हिनेगरच वापरले होते आणि पेले थोडे सुधारले, पण निखळ झाले नाहीत. त्याचे कारण या आकड्यांत आहे. शिवाय आम्ल कप्प्यात दिवसेंदिवस साठून राहते आणि त्याच्या झाकणाचे रबर सतत त्याच्या सान्निध्यात असते, हेही मला खटकत होते.

म्हणून मी सायट्रिक आम्लाच्या दाणेदार पुडीकडे वळलो. खाण्यायोग्य प्रतीचे ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल २०० मिलिलिटर कोमट ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचे, थंड झाल्यावर बारीक कापडातून गाळायचे आणि झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून वर नाव व तारीख लिहायची. हे द्रावण वजनाने वीस टक्क्यांचे होते, त्यामुळे चार मिलिलिटरमधून ०.८५ ग्रॅमच्या आसपास आम्ल मिळते. शिवाय सायट्रिक आम्ल कॅल्शियमला स्वतःशी बांधूनही ठेवते. गाळणे टाळू नकोस, कारण न विरघळलेला एखादा दाणाही कप्प्याची बारीक वाट अडवू शकतो. लिंबाचा रस मात्र याच्या जागी घालू नये. त्यातला गर आणि साखर कप्प्यात चिकटतात आणि कुजतात. फार पातळ द्रावण केले तर त्यात बुरशी धरते, तेव्हा महिन्याभरापुरतेच कर.

या द्रावणात मद्यार्क घालण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो घालत नाही. चार लिटर पाण्यात चार मिलिलिटर म्हणजे हजारात एक भाग. संपूर्ण कप्पा मद्यार्काने भरला तरी इतक्या कमी प्रमाणात पाण्याचा पृष्ठताण जेमतेम हलतो. उलट गरम होणाऱ्या यंत्राच्या दारात एक ज्वलनशील पदार्थ आपण हौसेने भरून ठेवतो. पृष्ठताण कमी करणारे खरे द्रव्य याच्या कितीतरी कमी मात्रेत काम करते, आणि तेच आपल्याला घरच्या साहित्यात मिळत नाही. हाताने भांडी घासायचा साबण हा त्याला पर्याय वाटतो, पण तो नाही. मी एकदा त्याचे काही थेंब घातले होते. यंत्रात इतका फेस झाला की पाण्याचा दाब पडला आणि दारातून फेस जमिनीवर आला. ते चक्र मध्येच थांबवून सगळे पुसून काढावे लागले.

वरच्या खणात व्हिनेगरची वाटी ठेवण्याची युक्तीही सोडून दे. ती वाटी पहिल्याच धुण्याच्या पाण्यात मिसळते, तिथल्या अल्कधर्मी डिटर्जंटचा जोर कमी करते आणि शेवटची फेरी येईपर्यंत पाण्याबरोबर निघूनही जाते. आणि एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची: क्लोरीनयुक्त ब्लीच असलेले कोणतेही द्रव्य आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नकोस, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तुझ्या यंत्रात पाणी मृदू करण्याची सोय असेल, तर आधी तिच्यातले खास मीठ भरलेले आहे का आणि जडपणाची मात्रा पाण्याप्रमाणे लावली आहे का ते तपास. तिथे बिघाड असेल तर वरचे कोणतेही द्रावण त्याची भरपाई करू शकत नाही. यंत्राची माहितीपुस्तिकाही वाच, कारण घरचे द्रावण घातल्यास हमी लागू राहील का हे तीच सांगेल.

प्लास्टिकचे डबे ओले राहतात अशी तुझी तक्रार असेल, तर मात्र माझी ही बाटली तुझ्या उपयोगाची नाही. काच आणि चिनी माती उष्णता धरून ठेवतात आणि त्या उष्णतेने आपोआप वाळतात. प्लास्टिक लवकर निवते आणि थेंब तसेच राहतात. त्यासाठी बाजारातलेच रिन्स एड घे, चक्र संपताच दार थोडे उघडे ठेव आणि खालचा खण आधी रिकामा कर, म्हणजे वरच्या डब्यांतले पाणी स्वच्छ भांड्यांवर सांडणार नाही.

तेव्हा आज एवढेच कर. धुक्याळलेल्या एका पेल्याचा अर्धा भाग व्हिनेगरने ओल्या केलेल्या कापडाने पुस आणि वाळू दे. तो भाग निर्मळ झाला, तर थर क्षारांचा आहे आणि वर लिहिलेले द्रावण तुला उपयोगी पडेल. दोन्ही भाग सारखेच धूसर राहिले, तर उष्णता, तीव्र डिटर्जंट आणि फार मृदू पाणी यांनी काचेचा पृष्ठभागच झिजला आहे. तो पेला कशानेही पूर्ववत होणार नाही, पण उरलेले पेले वाचवायला डिटर्जंटची मात्रा आणि तापमान कमी करता येईल. काय दिसले ते मला लगेच कळव, म्हणजे पुढचे त्याप्रमाणे लिहितो.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझाच,
जुना मित्र