तबकडीचं वर्ष आणि ध्वनिमुद्रणाची तारीख

महोदय,

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पहिल्या क्विंटेटच्या (पाच वादकांच्या संचाच्या) तबकड्या प्रकाशनवर्षाच्या क्रमाने ऐकल्या की हमखास गफलत होते. कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार झाला, तरी आधीच्या प्रेस्टिज कंपनीला द्यायच्या तबकड्या बाकी होत्या. म्हणून ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोनच दिवसांत ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकमधल्या आपल्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात चार तबकड्यांपुरता ऐवज टिपला. बहुतेक रचना पहिल्याच टेकमध्ये (एकाच वेळच्या मुद्रणात) झाल्या. प्रेस्टिजने मात्र त्या वर्षानुवर्षं पुरवून वापरल्या. त्यामुळे १९६१ साली आलेली ‘स्टीमिन’ बरीचशी मे महिन्यातली, तर १९५७ची ‘कुकिन’ संपूर्ण ऑक्टोबरमधली! क्विंटेटमधला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, त्याची वाढ तपासायची तर आधी ‘वर्किन’ आणि ‘स्टीमिन’, मग ‘रिलॅक्सिन’ आणि ‘कुकिन’ घ्यावी. त्यातही ‘वर्किन’मधली ‘हाफ नेल्सन’ आणि ‘स्टीमिन’मधली ‘वेल यू नीडन्ट’ ऑक्टोबरच्या, तर ‘रिलॅक्सिन’मधल्या ‘इट कुड हॅपन टू यू’ आणि ‘वुडिन यू’ मेच्या, हे ध्यानात ठेवावं.

‘कुकिन’मधल्या ‘माय फनी व्हॅलेंटाइन’मध्ये कोल्ट्रेन शोधू नका, तो तिथे वाजवतच नाही. माइल्सच्या ट्रम्पेटच्या तोंडाशी हार्मन म्यूट (आवाज दाबणारं धातूचं बूच), त्याची मधली नळी काढलेली, आणि माइक अगदी जवळ. म्हणून तो सूर इतका बारीक आणि कानाशी आल्यासारखा वाटतो. ‘रिलॅक्सिन’मधल्या ‘यू आर माय एव्हरीथिंग’ची सुरुवातही कापू नये: पियानोवादक रेड गारलंड एकेरी सुरांनी उठतो, माइल्स शिट्टी मारून थांबवतो, ब्लॉक कॉर्ड्‌स (एकाच वेळी वाजणारे सुरांचे गुच्छ) मागतो, आणि रचना नव्याने सुरू होते. काय सुंदर बदलते ती!

– एक वाचक, पुणे