एका काळ्या स्लाइडबद्दल आभार

डिचोली

दादा,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलो की तुम्ही केबल गुंडाळत "असू दे हो मास्तर" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालू नका असे बजावलेत, तेही पाळतो. 'साउंडवाले दादा' म्हटले की आमच्या भागात कळतेच.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाने गायिका केसरबाई केरकरांवर कार्यक्रम केला, तेव्हाची फजिती तुम्ही मागच्या रांगेतून पाहिलीत. फोंड्याजवळच्या केरी गावच्या केसरबाई. त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली आणि आमच्या सभागृहात ती स्पीकरपर्यंतही पोचली नाही! एचडीएमआय केबल जोडल्यावर लॅपटॉपने आवाजही प्रोजेक्टरकडे धाडला होता, हे आम्हांला कुठे ठाऊक? प्रोजेक्टरच्या पोटातला इवला स्पीकर किणकिणत राहिला. आवाज सापडला, तर मी पुढची स्लाइड दाबली आणि गाणे मध्येच तुटले. वर माझा जुना मराठी फॉन्ट त्या लॅपटॉपवर नव्हता, त्यामुळे पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

यंदाच्या कार्यक्रमासाठी मी तुमच्याकडे एकच प्रश्न घेऊन आलो, कुठले सॉफ्टवेअर घेऊ? खिशात यादी होती. अ‍ॅपलचे कीनोट, गुगल स्लाइड्स, मोठ्या स्टेजवर वापरतात ते प्रोप्रेझेंटर. तुम्ही ती वाचलीच नाही. उलट विचारलेत, "लॅपटॉप कुणाचा? त्यावर बसणार कोण? हॉलात नेट आहे?" तेवढ्यात निम्मी यादी गळाली. मॅक आमच्यात कुणाकडे नाही, म्हणजे कीनोट गेले. गुगल स्लाइड्सवर चौघांना चार घरांतून मजकूर लिहिता येतो, पण त्यातला व्हिडिओ चालायला नेट लागते आणि आमच्याकडे पाऊस धरला की नेटचा भरवसा नाही. प्रोप्रेझेंटरला तुम्ही नावे ठेवली नाहीत. "वर्षातून दोनदा नदी ओलांडणाऱ्याने होडी विकत घेऊ नये, फेरीबोटीत बसावे," एवढेच म्हणालात.

शेवटी जे लॅपटॉपवर आधीच होते तेच राहिले, पॉवरपॉइंट. पण ते वापरायचे कसे, हे तुम्ही दोन संध्याकाळी बसून शिकवलेत. स्लाइड बदलली तरी गाणे चालू ठेवायची सोय त्यातच आहे, आणि मी ती इतकी वर्षे पाहिली नव्हती. सगळा मजकूर कुठल्याही लॅपटॉपला वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायला लावलात (त्या रात्री मी तुम्हांला मनात काय काय म्हणालो ते लिहीत नाही) आणि फॉन्ट फाइलमध्येच बसवलात. मोठा व्हिडिओ मात्र स्लाइडमध्ये न घालता व्हीएलसी प्लेअरमध्ये वेगळा तयार ठेवलात. अडीनडीला सगळ्या स्लाइडांची पीडीएफ पेनड्राइव्हवर.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला तुम्ही वेगळाच न्याय लावलात. तिथे पंचवीस जण आपापले लॅपटॉप घेऊन येणार, तेव्हा फुकट मिळणारे आणि घरी नेता येणारे लिबरऑफिस इम्प्रेस. त्याचे तयार नमुने मला अजूनही सरकारी परिपत्रकासारखे दिसतात, यावर आपले जमणार नाही. पण सावर्ड्याच्या एका बाईंनी दुपारपर्यंत स्वतःची ओव्यांची स्लाइड आवाजासकट लावली, तेव्हा मी गप्प बसलो. पॉवरपॉइंटमध्ये 'बी' दाबला की पडदा काळा होतो आणि वर्ग पुन्हा बोलणाऱ्याकडे पाहतो, ही तुमची युक्ती मी तिथे चारदा वापरली.

आणि ती काळी स्लाइड. भैरवीच्या वेळी मी आठ फोटो लावले होते. तुम्ही ते काढलेत आणि एक कोरी काळी स्लाइड घातलीत. मला पटले नव्हते. कार्यक्रमात हॉल अंधारला, साडेतीन मिनिटे नुसता केसरबाईंचा आवाज, जुन्या तबकडीच्या खरखरीसकट. बाहेर पाऊस होता. संपल्यावर टाळी यायला वेळ लागला.

पैसे घेतले नाहीत. दारातले दोन निरफणस तेवढे नेलेत. देव बरें करूं, दादा. झाड अजून लदलेले आहे. या रविवारी पिशवी घेऊन या.

तुमचा,
मास्तर