मुदतीचे कायदे

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन राज्यांच्या रद्द झालेल्या कायद्यांची जुनी पुस्तकं, तीही स्पॅनिशमधली, जमवून मी काय करणार, असं विचारलंस. वकिलाने हे विचारावं म्हणजे कमालच!

१८४८ च्या तहाने कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला. पुढच्या वर्षी माँटेरेला राज्यघटना लिहायला जमलेल्यांत इंग्रजी न येणारे जुने जमीनदारही होते, त्यामुळे दुभाषा लागला. हे काम हार्टनेल नावाच्या गृहस्थाने केलं. माणूस मूळचा इंग्लंडचा, पण कॅलिफोर्नियातल्या दे ला गेरा घराण्याचा जावई. प्रसिद्ध करायचा प्रत्येक कायदा इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत छापावा, असं कलम त्या घटनेत आलं. पुढे कायद्यांच्या भाषांतराचं कामही हार्टनेलकडेच गेलं. त्याआधी मेक्सिकन कायदे इंग्रजीत आणण्यातही त्याचा हात होता. दोन्ही सरकारांना पुरून उरला म्हण!

ही पुस्तकं दिसायला अगदी सामान्य. मेंढीच्या कातड्याची बांधणी, हात लावला की तांबूस भुकटी बोटांना लागते. पण मालकाची सही किंवा समासातली शाईची खूण असलेली प्रत मिळाली, तर मी कोऱ्या प्रतीकडे ढुंकूनही बघत नाही. जमीन, वारसा, गुरांवरचे मालकीचे डाग यांवरून भांडणाऱ्या कुणीतरी ती खरोखर उघडलेली असते.

१८७९ मध्ये नवी घटना आली आणि सरकारी लिखाण फक्त इंग्रजीत, असं ठरलं. तीस वर्षांत खेळ खलास. कोलोरॅडोचं त्याहून मजेशीर. तिथल्या १८७६ च्या घटनेने कायदे स्पॅनिशमध्ये आणि जर्मनमध्येही छापायला सांगितले, पण १९०० पर्यंतच. स्पॅनिशसाठी झगडणारा कासिमिरो बारेला त्या घटना समितीत होता. न्यू मेक्सिको १९१२ मध्ये राज्य झालं, तेव्हा त्याच्या घटनेनेही अशीच वीस वर्षं दिली. तोवर सगळे इंग्रजी शिकतील, असा हिशेब असावा. भाडेकराराला असते तशी भाषेलाही मुदत! मला यात उदारपणा कमी आणि घाई जास्त दिसते. तरी कॅलिफोर्नियासारखं एका फटक्यात पुसून टाकण्यापेक्षा बरं, हेही खरं.

सगळ्यात हवीहवीशी वस्तू मात्र राज्यांच्याही आधीची आहे. १८४६ मध्ये अमेरिकेच्या जनरल कर्नीने न्यू मेक्सिकोतलं सांता फे घेतल्यावर तिथेच छापलेली, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांतली कायद्यांची संहिता. छापखाना मेक्सिकन काळातला, छपाईचे खिळे स्पॅनिशचे, त्यात डब्ल्यू नाही. म्हणून जुळाऱ्याने दोन व्ही शेजारी शेजारी बसवून वेळ मारून नेली, असं सांगतात. ती प्रत विकत घ्यायची माझी ऐपत नाही, काचेआडून बघण्यावर समाधान मानतो.

सध्या कोलोरॅडोचा जर्मन खंड शोधतोय. स्पॅनिशशेजारी ठेवायला हवाच. घरात अर्थातच "आणखी एक कपाट नको" असा हुकूम सुटला आहे.

कोर्टाच्या सुट्टीत इकडे ये. सांता फेला जाऊ, पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स या संग्रहालयातला जुना छापखाना तुला दाखवतो. तारखा लवकर कळव, आणि वहिनींनाही घेऊन ये.

तुझा,
विनू