घरी शॉकअप बदलणाऱ्याला हाताशी धरून शिकवणारं कुणीतरी पाहिजे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती दीड महिन्यावर आलेत म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय, चाकरमानी आले की गाड्यांची गर्दी होणार, गॅरेजवाल्यांना जेवायला वेळ मिळणार नाही आणि माझ्यासारखे चारजण घरीच गाडीखाली शिरणार. त्याआधी हे छापून यावं एवढीच इच्छा आहे.

मी देवगड तालुक्यातला छोटा आंबा बागायतदार. गाडी 2014 ची छोटी हॅचबॅक, सीझनला मागची सीट पाडून पेट्या भरायच्या आणि नांदगाव तिठ्यापर्यंत फेऱ्या मारायच्या, शिवाय वर्षातनं चार-पाच वेळा मुंबई. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, जिथे झालंय तिथे रस्ता चांगला आहे हे मान्य, पण मधली डायव्हर्जनं आणि हायवे सोडल्यावर गावापर्यंतचा रस्ता यात गाडीचं कंबरडं मोडतं. त्यात सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस आणि वर समुद्राची खारी हवा, त्यामुळे खालचं लोखंड बघता बघता गंजतं.

जूनपासून पुढच्या डाव्या चाकाकडनं खड्ड्यात टकटक आवाज यायला लागला, वळणावर गाडी एका अंगाला झुकायची. बोनेटवर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडलं तर गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी, माझी तीन-चार वेळा डोलत होती, आणि शॉकअपच्या, म्हणजे धक्के शोषणाऱ्या भागाच्या, नळीवर तेल ओघळून त्याला धूळ चिकटली होती. म्हणजे शॉकअप गेलेलाच. ओळखीच्या गॅरेजमध्ये नंबर लागत नव्हता, गणपतीनंतर या म्हणाले. मुंबईत असलेल्या मुलाने चार व्हिडिओ पाठवले, ते बघून मला वाटलं की एवढंच तर आहे, घरीच करूया. पार्ट मागवले, दोन्ही बाजूंचे, कारण शॉकअप नेहमी जोडीनेच बदलावेत, एक नवा एक जुना असला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढू शकते.

आता खरी गोष्ट सांगतो. व्हिडिओतल्या माणसाकडे लिफ्ट असते, फरशी असते आणि त्याचा एकही बोल्ट गंजलेला नसतो. माझ्याकडे सारवलेलं खळं, गाडीसोबत आलेला जॅक आणि कुंपणाच्या कामातले उरलेले जांभ्याचे चिरे. जॅकने गाडी उचलायची आणि खाली दोन चिरे सारून ठेवायचे असा माझा बेत होता. आदल्या संध्याकाळी शेजारचे आबा आले, एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेले, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी आधी चिरे उचलून बाजूला टाकले. जांभा घराच्या भिंतीत शंभर वर्षं टिकतो पण गाडीचा भार एका टोकावर आला की कसलीही सूचना न देता फुटतो, असं ते म्हणाले. मग त्यांच्या भाच्याकडनं लोखंडी जॅकस्टँड आणले, गॅरेजवाले त्यांना घोडी म्हणतात, प्रत्येक घोडीखाली फणसाच्या लाकडाची जाड फळी दिली कारण शेणमातीत पाय रुततात, मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, आणि गाडी घोड्यांवर बसल्यावर तिला हाताने जोरात हलवून बघितलं. यातच अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास माझ्या डोक्यात आधी नव्हताच.

गंजलेल्या बोल्टांवर त्यांनी आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारायला सांगितलं होतं, सकाळी परत एकदा मारला. तरी लिंक रॉडचा, म्हणजे शॉकअपला जोडलेल्या छोट्या दांड्याचा, नट फिरला की आतला पिनसुद्धा त्याच्यासोबत फिरायचा, पुढे सरकेचना. आबांनी दिवा धरायला सांगितला, पिनच्या टोकाला गंजाने बुजलेला सहा कोनांचा खड्डा होता, तो खिळ्याने कोरून साफ केला, त्यात ॲलन की घातली, ती एका हाताने धरून दुसऱ्या हाताने रिंग पाना फिरवला. दोन मिनिटांत सुटला, मी पाऊण तास झटत होतो. चाकाकडचे दोन मोठे बोल्ट काढायच्या आधी त्यांनी खडूने खुणा केल्या, परत तिथेच बसावेत म्हणून. ब्रेकची नळी आणि सेन्सरची वायर शॉकअपवरच्या क्लिपमधनं आधी सोडवली, आणि बोल्ट निघाल्यावर खालचा भाग बाहेर कलंडून ब्रेकच्या नळीला किंवा ॲक्सलला ताण येऊ नये म्हणून काथ्याच्या दोरीने बांधून ठेवला.

आणि मग ते झालं ज्याच्यासाठी हे पत्र आहे. बोनेटखाली शॉकअपच्या डोक्यावर माझ्या गाडीत तीन छोटे नट आणि मधोमध एक मोठा नट असतो. मी म्हटलं मधला मोठा आहे, घट्ट असेल, आधी तोच सोडू. पाना लावला होता. आबा ओरडले, "रे थांब, तेका हात लावू नको! मधलो नट सोडलंस तर स्प्रिंग तोंडार येतली."

ती स्प्रिंग दाबून बसवलेली असते, शंभरेक किलोच्या वर जोर तिच्यात कोंडलेला असतो, आणि तो मधला नटच तिला धरून ठेवतो. आधी छोटे तीन नट काढून अख्खा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट शॉकअप, खाली घ्यायचा, स्प्रिंगला समोरासमोर दोन कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचे शिकंजे, लावायचे, एकाला थोडं मग दुसऱ्याला थोडं असं आलटून पालटून आवळायचं, स्प्रिंग वरच्या वाटीत सैल झाली की मगच मधल्या नटाला हात. तोंड कधी स्प्रिंगच्या टोकासमोर आणायचं नाही. ही रचना 1940 च्या दशकात अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने काढली, आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे हीच असते, म्हणजे हा धोका प्रत्येक अंगणात उभा आहे. व्हिडिओत हे सांगितलं असेलही, मी पुढे ढकलत बघितलं असेन. आबा नसते तर काय झालं असतं ते माझी बायको अजून बोलून दाखवते.

बाकीचं नीट झालं. नवा माउंट, बेअरिंग, धुळीचं रबर टाकलं, नट नवे वापरले, कंपनीच्या पुस्तकात दिलंय तेवढंच टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने, आवळलं. लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यातली रबरं, मात्र आबांनी घरी करू दिले नाहीत, त्याला प्रेस लागतो आणि त्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून शेवटचे आवळायचे असतात, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. ते काम वर्कशॉपला दिलं आणि तिथेच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन सरळ करणं, करून घेतली. खुणा केल्या तरी ती करायचीच, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतात.

संपादक साहेब, आमच्या प्रत्येक गावात असे आबा आहेत. एसटीतनं, बोटीच्या इंजिनावरनं, मुंबईच्या कारखान्यांतनं रिटायर होऊन ओसरीवर बसलेले. त्यांना कुणी विचारत नाही आणि आमची पोरं फोन हातात घेऊन गाडीखाली झोपतात. माझं म्हणणं असं की सरकारी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड जिथे शिकवतात तिथे महिन्यातला एक रविवार गावकऱ्यांना खुला करावा, रॅम्प आहे, हत्यारं आहेत, फक्त दार उघडायचंय. पहिल्यांदा काम करणाऱ्याने आपली गाडी आणि पार्ट घेऊन यावं, शेजारी एखादा जुना मेकॅनिक उभा राहील, त्याला मानधन द्यावं, हवं तर आमच्याकडनं फी घ्या. आणि दुसरं, आपल्या कोकणात गावोगावी वाचनालयं आहेत, तिथे पुस्तकासारखा एक स्प्रिंग कॉम्प्रेसरचा सेट, चार घोड्या आणि एक टॉर्क पाना डिपॉझिट घेऊन द्यायला काय हरकत आहे? आयुष्यात दोनदा लागणारी वस्तू कुणी विकत घेत नाही, म्हणून लोक दोरीने, तारेने स्प्रिंग बांधतात, मी डोळ्याने बघितलंय.

आमच्या गावच्या वाचनालयाला पहिल्या सेटचे पैसे मी द्यायला तयार आहे, कमिटीला तसं लेखी दिलंय. आबांनीही रविवारी सकाळी दोन तास यायचं कबूल केलंय, फक्त बसायला खुर्ची ठेवा म्हणालेत, गुडघे दुखतात. आयटीआयचं दार मात्र आमच्या हातात नाही, ते आपल्या पेपरने विचारावं.

आपला,
एक आंबा बागायतदार, ता. देवगड