कॅन्सरचा दावा ‘बाळंतपणाचा खर्च’ ठरवून नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

महोदय,

माझ्या पत्नीच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनचा दावा आपण पॉलिसीतल्या वगळणीच्या (ज्या खर्चाचे पैसे मिळत नाहीत त्याच्या) कलम १८ वर बोट ठेवून, ‘प्रसूतीशी निगडित खर्च’ म्हणून नाकारला. ती गरोदर आहे, एवढाच त्याला आधार. हा निर्णय मला मान्य नाही. ते कलम बाळंतपण, सिझेरियन यांच्या खर्चासाठी आहे. आम्ही त्यातला एक रुपयाही मागितलेला नाही. बाळंतपण नागपूरला मेडिकललाच, म्हणजे सरकारी दवाखान्यातच, होणार आहे.

गरोदरपणात छाती भरून येते, त्यात गाठ लपून जाते. घरच्या बाया दुधाची गाठ म्हणत होत्या. दोन आठवडे उलटूनही ती तशीच आहे हे पाहून आमच्या गावच्या आशा सेविका ताईंनी तालुक्याला धाडले, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. सोनोग्राफी झाली, मग तेवढीच जागा बधिर करून सुईने तुकडा काढला. त्या तुकड्याचा रिपोर्ट आपल्याकडे आहे. त्यात कॅन्सर लिहिला आहे, बाळंतपण नाही.

नकार देण्याआधी आपण पेट स्कॅनचा (कॅन्सर अंगात कुठे पसरला आहे का ते पाहणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट नाही म्हणून फाइल अडवली होती. त्या तपासणीत अंगात किरणोत्सारी औषध सोडतात, ते पोटातल्या बाळापर्यंत पोचते. ‘गरोदर असल्याने पेट स्कॅन नाही’ असे डॉक्टरांनी केसपेपरवर स्वतःच्या हाताने लिहिले आहे. त्याऐवजी पोटावर शिशाचे आवरण ठेवून छातीचा एक्स-रे काढला, पोटाची सोनोग्राफी केली. दोन्ही रिपोर्ट फाइलला जोडले होते. बाळासाठी जी तपासणी मुद्दाम टाळली, तिचा कागद मी कुठून आणू?

‘उपचार बाळंतपणानंतर का घेत नाही?’ असेही आपल्या प्रतिनिधीने फोनवर विचारले. हे ठरवणारे ते कोण? रेडिएशन डॉक्टरांनीच बाळंतपणानंतरवर ठेवले आहे. केमोची काही औषधे मात्र पहिले तीन महिने उलटल्यावर देता येतात, आणि तिला पाचवा सरत आला आहे. आजार बाळंतपणाची वाट पाहत बसत नाही.

ऑपरेशनचे बिल मी उसनवारीवर भरले. पऱ्हाटीला अजून बोंडे धरायची आहेत, हाती दुसरा पैसा नाही.

तरी नकार मागे घेऊन ऑपरेशनची रक्कम द्यावी. नकारावर ठाम असाल, तर कलमाच्या कोणत्या शब्दांत कॅन्सर बसतो ते लेखी कळवावे. महिन्याभरात समाधान झाले नाही तर मी विमा लोकपालांकडे जाईन. केमो मात्र महिनाभर थांबणारी नाही, म्हणून तिची कॅशलेस मंजुरी आधी द्यावी.

आपला,
पॉलिसीधारक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ

सोबत: तुकड्याचा रिपोर्ट, केसपेपर, एक्स-रे व सोनोग्राफीचे रिपोर्ट, नकाराचे पत्र