निळी-काळीच घे

सांगली, १८ जानेवारी

चि. अनघास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या मनगटाचं सुषमाकडून कळलं. मला तू फक्त दुकानातल्या फळीचा फोटो पाठवलास आणि खाली एवढंच, "बाबा, यातली कुठली घेऊ?" कोपऱ्यात पांढरं काहीतरी दिसत होतं. आई म्हणाली, मफलर असेल. मफलर!

बर्फात सायकल कशाला काढायची, हे मी विचारणार नाही. तू शाईचं विचारलंस, शाईचंच लिहितो.

डावीकडून दुसरी बाटली, पेलिकनची ४००१, ब्लू-ब्लॅक. ती घे. शेजारची रॉयल ब्लू जास्त गोड दिसते हे कबूल. तिकडे जर्मनीत शाळकरी पोरं तीच वापरतात म्हणे, चुकलं की ते टिंटेनकिलरचं पेन फिरवायचं आणि अक्षर गायब. कागद खरवडला जात नाही, शाईतला रंगच बिनरंगी होतो. आमच्या वेळी ब्लेडने खरवडायचो आणि मास्तरांचा मार खायचो. पण जी शाई इतक्या सहज जाते ती पाण्यानेही जाते, आणि उन्हात पडलेल्या कागदावर हळूहळू फिकी होते. कच्च्या टिपणांना ठीक आहे, जपून ठेवायचं असेल त्याला नको.

निळ्या-काळीत लोह असतं. जुनी कृती म्हणजे मायफळ आणि हिराकस. मायफळ तेच, तुझ्या बाळगुटीत आजी दोन वेढे उगाळायची ते. त्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं की शाई होते. लिहिताना निळी दिसते, कारण त्यात वेगळा निळा रंग घातलेला असतो. नाहीतर ताजं अक्षर इतकं फिकं की वाचताच येणार नाही. मग हवा लागते तसं ते काळवंडत जातं. सकाळी लिहिलेली ओळ संध्याकाळी उघडून बघ, आणि मग चार दिवसांनी बघ. मला आजही ते बघायला आवडतं. आई म्हणते, रिकामपणाचे उद्योग.

२००५ च्या पुरात गावभागातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा तू चौथीत होतीस. अण्णांच्या रोजमेळाच्या वह्या खालच्या कपाटात राहिल्या होत्या. गच्चीवर एकेक पान सोडवून तू वाळत घालत होतीस आणि मोठ्याने वाचत होतीस, "गूळ, रॉकेल, दळण." जिथे अण्णांनी साधी निळी वापरली होती तिथे नुसता ढग उरला होता. निळ्या-काळीची पानं चिखलाने पिवळी पडली, पण दळणाचे पैसेसुद्धा वाचता येत होते. दादा कंटाळून पळाला, तू नाही गेलीस. आता तिथे एकटी राहून नोकरी करतेस त्याचं मला नवल वाटत नाही ते म्हणूनच. फक्त पडल्यावर पहिला फोन घरी करावा. असो.

आणि शाई कुठली, तर तुझ्याच गावची. हानोफरला १८३८ मध्ये तो धंदा सुरू झाला. पुढे गुंथर वॅगनरने कारखाना घेतला आणि १८७८ मध्ये आपल्या घराण्याच्या चिन्हातला पेलिकन पक्षी छाप म्हणून नोंदवला. पोडबिल्स्कीस्ट्रासेवर त्यांच्या जुन्या कारखान्याच्या इमारती अजून उभ्या आहेत, पुढे तिथे हॉटेल झालं. सुट्टीच्या दिवशी जाऊन बघ. ट्रामने जा.

अण्णा मात्र कॅमलच्या पलीकडे गेले नाहीत. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये गिरगावात शाईची पूड आणि गोळ्या करायला घेतल्या, तेव्हापासूनचा तो माल. आपला माणूस करतोय तर परकी बाटली कशाला, असं त्यांचं म्हणणं. तू पेलिकनच्या गावात आहेस हे ऐकून ते खूश झाले असते की नाराज, सांगता येत नाही. दोन्ही झाले असते बहुधा, आणि चारचौघांत मिरवलं असतं.

आता नीट ऐक. ही शाई आम्लधर्मी असते. पेनात भरून महिनाभर विसरायची नाही, लिहीत राहायचं. दुसरी शाई भरायची तर आधी साध्या पाण्याने पेन धू, पाणी निवळ येईपर्यंत. गरम पाणी नको. दोन शाया एकमेकींत मिसळू नकोस, आत साका धरला की जिभली चोंदते. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई कधीच नाही, त्यात लाख असते, वाळली की पेन गेलंच. दादाने अण्णांच्या पेनाचं काय केलं ते तुला ठाऊक आहे. आणि लिहिताना दाबायचं नाही. बॉलपेनला जोर लागतो, शाईचं पेन कागदावर नुसतं टेकवायचं. तुझ्या मनगटाला हेच बरं, पण प्लास्टर निघाल्यावर, डॉक्टरांनी सांगितल्यावरच. कुठलं हाड आहे ते सुषमाला सांगता आलं नाही. एक्स-रेचा फोटो पाठव. अंगठ्याच्या बाजूचं असेल तर ते लवकर भरत नाही म्हणतात, आणि हातमोज्यांमुळे ब्रेक नीट दाबला गेला नाही का, की...

राहू दे. पुन्हा व्याख्यान झालं, राग मानू नकोस. तीस वर्षांच्या मुलीला पेन कसं धरायचं ते सांगतोय.

जांभळी आवडली असेल तर तीही घे. मी टिकाऊ शाईबद्दल लिहिलं, पण नुसत्या मौजेसाठीही एखादी बाटली असावी. आमच्या पतपेढीत साहेब हिरव्या शाईने सही करायचे. घरी आल्यावर मी चोरून हिरव्या शाईत माझीच सही गिरवून बघत असे. आईला सांगू नकोस, तिला ठाऊक असेलही.

निखिल फेब्रुवारीत येतोय, त्याच्याकडे माझ्यासाठी एक ब्लू-ब्लॅक दे. टोपण घट्ट, प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत. टोपण त्यालाच लावायला सांग. परतताना त्याच्याबरोबर आई मेतकूट आणि भडंग देणार आहे. शाईचे पैसे मी त्याला इथेच देईन, तू मध्ये बोलू नकोस.

तुझे
बाबा