परळहून, नाइट संपल्यावर

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवरच सांगितलं असतं, पण बाबा, तुम्ही मध्येच फोन आईकडे देता आणि आई रडायला लागते. म्हणून पत्र. कणकवलीच्या नोकरीला मी नकार कळवलाय, परवाच. काकांनी शब्द टाकला होता, ठाऊक आहे. त्यांच्याशी मीच बोलेन, तुम्हाला काही ऐकून घ्यावं लागणार नाही.

पैशांसाठी नाही हो. तिथे उलट भाडं वाचलं असतं. कारण आमच्या इन्चार्ज सिस्टर आहेत. हसा हवं तर.

त्या दिवाळीत मी आठ दिवस पडवीत नुसती बसून होते, तुम्ही काही विचारलं नाहीत. आधीच्या हॉस्पिटलात नाइटला एकटीकडे अठरा पेशंट असायचे. एका आजीची शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं, तर नातेवाइकांसमोर मला झापलं. मदतीला कुणी आलं नाही. त्यानंतर इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घालायची सुई, हातात घेतलं की हात थरथरायचा. नर्सिंग सोडून गावात शिवणकाम करायचं ठरवलं होतं, हे आज सांगतेय.

इथे गेल्या पावसाळ्यात इन्सुलिनचा घोळ झाला. बाटली 100 ची, म्हणजे एका मिलीत 100 युनिट, आणि सिरिंज मी उचलली 40 च्या बाटलीची. 10 च्या खुणेपर्यंत भरली, म्हणजे आत 10 ऐवजी 25 युनिट. आमच्याकडे इन्सुलिन दोघींनी बघितल्याशिवाय देत नाहीत, म्हणून टोचण्याआधीच कळलं. मेमो मिळणार म्हणून पोटात गोळा, तरी मीच जाऊन सांगितलं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "दोन्ही सिरिंजा एका ट्रेमध्ये कशा?" दुसऱ्या दिवशी ट्रे वेगळे झाले आणि नव्या मुलींना हे शिकवायचं काम माझ्याकडे आलं. आता अवघड शीर असली की शेजारच्या वॉर्डातून मला बोलावतात. मिरवतेय असं नाही. बरं, थोडी मिरवतेय.

अशी माणसं कणकवलीत नसतीलच असं नाही. पण तो हात पुन्हा थरथरला तर, याचीच भीती वाटते.

आई, पेशंटला ताप बघताना मी अजून पालथाच हात लावते, तुझ्यासारखा. मशीन नंतर.

इन्व्हर्टरचे पैसे पाठवलेत, माणूस सोमवारी येईल. आता ऐका. बाबा, तुमची बाटली 40 ची आहे, तेव्हा लाल टोपणाचीच सिरिंज. दुकानदाराने केशरी दिली तर परत करा, ती 100 ची. बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. आणि रोज एकाच जागी टोचू नका. आई, गुडघ्याला तेल नंतर, आधी एक्स-रे. "बघू" नको.

चतुर्थीला येत नाहीये. ती सुट्टी एका नव्या मुलीला दिली, नोकरीतला तिचा पहिलाच गणपती आहे. मी तुतारी एक्सप्रेसने गौरीपूजनाला पोचते. घावन-घाटलं माझ्या वाटणीचं झाकून ठेव, दादाला दाखवू नकोस.

तुमची,
बाय